डिग्री कपाटात, घर डोक्यात: वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या वेळी या सदरात केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीविषयी, म्हणजे कोण कोणत्या कामात किती वेळ घालवतं याच्या मोजणीविषयी, लिहिलं होतं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. २०१९ सालच्या पहिल्या देशव्यापी पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! शिवाय ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची. २०१९ साली असे पुरुष शंभरात २६ होते आणि बायका ८१.

त्यावर आलेली बहुतेक पत्रं पदवीधर, द्विपदवीधर बायकांची आहेत. 'हे कुठेतरी खेड्यापाड्यातलं असेल असं वाटलं, पण घड्याळ लावून बसले तर माझंच निघालं,' असा त्यांतला सूर. निवडक प्रश्न घेते. कुणाचंही नाव देत नाही.

प्रश्न: मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, सात वर्षं कॉलेजात शिकवलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली. आता शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहिताना हात अडखळतो. मिस्टर म्हणतात, 'त्यात काय, घरीच तर असतेस.' मी दिवसभर जे करते ते काम म्हणून कुठे मोजलं जातं का? (नाशिक)

मोजलं जातं, पण बहुधा ती बाई अपघातात गेल्यावर. ऐकायला कडू आहे, पण आपल्याकडे गृहिणीच्या कामाची रुपयांत किंमत करायची वेळ येते ती मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे. घरचे भरपाई मागतात, विमा कंपनीचा वकील म्हणतो 'त्या काही कमवत नव्हत्या', आणि मग न्यायाधीशांना आकडा काढावा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात बरीच वर्षं असं सूत्र होतं की न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरावं. म्हणजे इंजिनिअरच्या बायकोची पोळी महाग आणि शिपायाच्या बायकोची स्वस्त.

१९८९मध्ये जमशेदपूरला आगीची मोठी दुर्घटना झाली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला, 'काम न करणाऱ्यां'त बसवल्याबद्दल २०१० साली याच न्यायालयाने खडे बोल सुनावले. जानेवारी २०२१मध्ये 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या प्रकरणात न्या. रमणा यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. २०११च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी आणि पुरुष सुमारे ५८ लाख होते, हा दाखला त्यात आहे. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायालयाने सांगितलं की गृहिणीचं मानीव (भरपाईसाठी गृहीत धरलेलं) उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. एवढं बजावून सांगायला २०२४ साल उजाडावं लागलं.

हयातीत मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत तुमच्या स्वयंपाकाची आणि मुलांच्या देखभालीची नोंद शून्य. केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० सालीच हा विनोद दाखवून दिला होता: एखाद्याने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, माणूस तेच, फक्त पगार थांबला. शंभर वर्षांनंतरही हिशेबाची रीत तीच आहे.

तुमच्या पत्रात मला अधिक महत्त्वाची वाटली ती तुम्ही जाता जाता दिलेली यादी. मोठ्याचं नववीचं विज्ञान तुम्ही घेता, त्यामुळे क्लास लावावा लागला नाही. सासऱ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन वाढलेलं सगळ्यात आधी तुम्हाला दिसलं. मेडिक्लेमच्या दोन पॉलिसी समोरासमोर ठेवून बारीक अक्षरातल्या अटी तुम्ही वाचल्या. हे काम सगळ्याच बायकांना जमलं नसतं, त्याला एम.एस्सी. लागली. तुम्हाला वाटतं डिग्री वाया गेली. मला वाटतं ती रोज वापरली जाते आहे, फक्त तिचा मोबदला बंद आहे.

आणि हे काही आजचं नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्य आवर्जून घातलं होतं. शिकलेली बाई घर अधिक चांगलं चालवील, हे पटवल्याशिवाय त्या काळी आई-बाप मुलीला पाठवते ना. कर्व्यांना दोष देण्याचं कारण नाही, त्यांनी दार उघडलं. पण तो युक्तिवाद पुढे आपल्या अंगवळणी पडला. 'मुलगी शिकली, प्रगती झाली' हे भिंतीवर वाचत आपण वाढलो, कुणाची प्रगती ते तिथे लिहिलेलं नव्हतं. स्थळांच्या जाहिराती बघा: 'उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष'. दोन्ही शब्द एका दमात, आणि मुलाच्या जाहिरातीत दुसरा शब्द नाही.

रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. 'रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, सध्या घर सांभाळतात' असं लिहिलंत तरी शाळा परत पाठवणार नाही. त्याहून निकडीचं काम म्हणजे तुमच्या नावावर काय काय आहे ते तपासणं. त्याबद्दल पुढे कोल्हापूरच्या वाचकाला लिहिलंय, ते तुम्हीही वाचा.

प्रश्न: नवरा आणि मी दोघंही आयटीत, पगार उन्नीस-बीस. तो 'सांग ना, काय करू?' असं विचारतो आणि सांगितलेलं करतोही. मैत्रिणी म्हणतात नशीब काढलंस. मग मी सतत चिडलेली का असते? (पुणे)

मुलाच्या शाळेचा एक डबा घ्या. गुरुवारी सकाळी सात वाजता मटकीची उसळ आणि पोळी डब्यात घालणं हे दोन मिनिटांचं काम. ते तुमचा नवरा करतो, तुम्ही सांगितल्यावर. पण ती मटकी मंगळवारी सकाळी भिजत पडली, रात्री उपसून फडक्यात बांधली गेली, बुधवारभर तिला मोड आले, म्हणून गुरुवारी उसळ झाली. त्याआधी शनिवारी कुणीतरी डबा हलवून मटकी तळाला गेल्याचं पाहिलं होतं. शुक्रवारी शाळेत 'हिरवा दिवस' आहे म्हणून पालकाच्या पुऱ्या न्यायच्यात, हे ग्रुपवरच्या 'थँक यू मॅम'च्या ढिगातून कुणीतरी उपसून काढलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून उसळीत कूट घालायचं नाही, हे कुणाच्या तरी डोक्यात आहे. निळ्या डब्याचं झाकण गळतं म्हणून रस्सा असला की स्टीलचा, हेही.

वेळ-वापर पाहणीत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार असे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असतात. तुम्ही साडेअकराच्या क्लायंट कॉलवर बसून मटकी भिजवायची राहिली हे आठवता, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. नोंद होते 'नोकरी' म्हणून. चिडचिड तिथली आहे. तो काम करतो, घर मात्र तुमच्या डोक्यात चालतं आणि त्या डोक्याला रात्री दहानंतरही सुट्टी नसते.

उपाय विचाराल तर एकच मला पटलेला आहे: काम तुकड्याने न देता सबंध द्या. 'आज डबा भर' असं सांगू नका. 'या सत्रात डबा तुझा' म्हणजे मटकी संपण्यापासून नॅपकिन धुण्यापर्यंत सगळं त्याचं. असं एकेक पूर्ण खातं त्याच्याकडे द्या: मुलाचे डॉक्टर आणि लसी, गॅस आणि दुरुस्त्या, त्याच्या आईवडिलांची औषधं, त्याच्याकडच्या नातेवाइकांचे आहेर. हो, आहेरसुद्धा. त्याच्या मावसभावाच्या मुंजीला काय द्यायचं याची चिंता तुम्ही का वाहायची?

खातं दिल्यावर तीन गोष्टी पाळाव्या लागतील आणि तिसरी सगळ्यात अवघड आहे. एक, आठवण करून द्यायची नाही. दोन, शाळेच्या फॉर्मवर पहिला मोबाइल नंबर त्याचा घाला. पाळणाघर, डॉक्टर, सोसायटीचा वॉचमन, सगळीकडे. नाहीतर काम त्याचं आणि फोन तुम्हाला, असं होतं. शाळा आधी आईलाच फोन करते, ही सवय मोडायला वर्ष जाईल, पण मोडते. तीन, पहिले काही आठवडे ब्रेड-जॅम जाईल आणि वर्गशिक्षिकेची चिठ्ठी येईल. ती चिठ्ठी तुम्हाला टोचेल, त्याला नाही. कारण पोराचा डबा वाईट म्हणजे आई वाईट, असं गाव म्हणतं. तेवढं सोसता आलं नाही तर डबा चार दिवसांत तुमच्याकडे परत येईल, आणि वर 'तुलाच आवडत नाही मी केलेलं' हेही ऐकून घ्यावं लागेल. स्वयंपाकघर ही बायकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली एकुलती एक गादी आहे. ती रिकामी करायला आपल्यालाही जड जातं, हे मान्य करू या.

आणखी एक. त्याच्याकडे जाणारी कामं रोजची असू द्या. पुरुषांच्या वाट्याला बहुधा आठवड्याची, दिसणारी, टाळ्या मिळणारी कामं येतात: गाडी धुणं, बँक, रविवारची बिर्याणी. बिर्याणीचं कौतुक जरूर करा, पण नंतरचा ओटा कुणी पुसला तेही विचारा.

प्रश्न: वय ६८. बी.ए. होऊन बँकेत ३२ वर्षं नोकरी केली. पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक, धुणं, मुलांची वेणीफणी करून दहाच्या आत काउंटरवर. सुनेकडे मिक्सर, वॉशिंग मशीन, पोळ्यांना बाई, तरी ती 'दमले, बर्नआउट झालाय' म्हणते. आमची पिढी काय खुळी होती का? (सांगली)

खुळी नव्हती. तिच्या कष्टांची कुणी विचारपूस केली नाही आणि आता ते सांगायला गेलं तर 'तुमच्या वेळचं वेगळं होतं' असं म्हणून गप्प बसवतात. तुमच्या पत्रातला राग मला तिथला वाटतो, आणि तो रास्त आहे.

पण तुलना करायचीच तर पुरती करू. तुमच्या घरी तेव्हा सासूबाई होत्या, न लग्न झालेल्या नणंदबाई होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. मुलं चालत शाळेत जायची आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी यायची, मधल्या वेळात ती कुठे होती हे कुणी मोबाइलवर पाहत नव्हतं. बँकेची कॅश जुळली की दिवस संपायचा. सुनेचं ऑफिस रात्री दहा वाजता फोनमधून घरात शिरतं. यंत्रांचं म्हणाल तर मशीनने एका धुण्याचे कष्ट वाचवले आणि धुणी वाढवली. चादरी तेव्हा पंधरवड्याने निघायच्या, आता एकदा घातलेला टी-शर्ट मशीनमध्ये. मुलाला आता नुसतं जेवू घालून भागत नाही. प्रोजेक्ट, पोहणं, अबॅकस, मित्राच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट. आईचं शिक्षण जितकं जास्त, तितकी ही यादी लांब, कारण तिला सगळं समजतं आणि म्हणून सगळं तिलाच करता यायला हवं असतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की नातीला बसवर सोडायला आणि आणायला तुम्हीच जाता, मग तिला जेवू घालता. म्हणजे बँकेने पेन्शन दिली, घराने अजून निवृत्त केलेलं नाही. तुमची आणि सुनेची दमणूक एकाच विहिरीतली आहे.

जरा स्पष्ट लिहिते, रागावू नका. तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यात तुम्ही आहात, सूनबाई आहे, दिवंगत सासूबाई आहेत, पोळ्यांच्या बाई आहेत. यजमान कुठे आहेत? आणि मुलगा? घरातल्या कामावरचं एवढं मोठं पत्र, आणि त्यात घरातले दोन्ही पुरुष एकदाही ओट्याजवळ आले नाहीत. कोण जास्त राबलं, ही स्पर्धा बायकांत लागते, आणि ते दोघे तिकडे निवांत पेपर वाचत बसतात.

प्रश्न: मी बी.ए., बी.एड. नवऱ्याच्या बदल्यांमुळे शाळेतली कायम नोकरी सोडली. चौदा वर्षांनंतर आता वेगळं होण्याची वेळ आली आहे. तो म्हणतो, 'शिकलेली आहेस, कमव आणि खा. पोटगी कसली?' फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. (कोल्हापूर)

'शिकलेली आहेस' हे वाक्य नोकरी सोडताना कुणी उच्चारलं नव्हतं, हे आधी लक्षात ठेवा.

नोव्हेंबर २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल तुमच्या वकिलाला ठाऊक असेलच. ते प्रकरण आपल्या नागपूर खंडपीठाकडूनच वर गेलं होतं. संसार बराच काळ झालेला असताना मुलं वाढवण्यासाठी, वडीलधाऱ्यांचं करण्यासाठी बायकोने नोकरीवर पाणी सोडलं असेल, तर पोटगी ठरवताना ते धरलं पाहिजे, आणि इतक्या वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी मिळणं सोपं नसतं, असं न्यायालयाने म्हटलं आहे. बायको कमावती असली तरी तेवढ्याने पोटगीचा दावा आपोआप बाद होत नाही, हेही त्यात आहे. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, ही पद्धत याच निकालाने पक्की केली. तेव्हा अर्ज लांबवू नका. दुसरी बाजूही सांगते: चांगलं शिकलेल्या, धडधाकट बाईने निव्वळ पोटगीवर विसंबून राहू नये, असेही निकाल आहेत. म्हणून चौदा वर्षांत तुम्ही कोणत्या बदलीला कोणती नोकरी सोडली, नंतर कुठे अर्ज केले, काय उत्तर आलं, याचे कागद तारीखवार लावा. नेमणुकीचं पत्र आणि राजीनाम्याची प्रत मिळवा. 'त्यागा'वर बोलणारे खूप भेटतात, कोर्टात राजीनाम्याची प्रत बोलते. आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या कायद्यानुसार बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

फ्लॅटचं अवघड आहे. आपल्याकडे ज्याच्या नावावर, त्याचं, हाच नियम. संसारात मिळवलेलं दोघांचं, असा सरसकट कायदा नाही. जून २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मात्र वेगळं सांगितलं. नवरा सौदीत कमवत होता, बायको इथे घर आणि मुलं सांभाळत होती. ती घर सांभाळत होती म्हणूनच तो निर्धास्त कमवू शकला, तेव्हा त्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही अर्धा वाटा आहे, असा तो निकाल. महाराष्ट्रातल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून पुढे ठेवता येतो.

गंमत अशी की हे तत्त्व आपल्या उंबरठ्यापाशी दीडशे वर्षं नांदतं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. गोमंतकीय जोडप्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते, आणि घर-जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडची बाई 'घरीच असते' आणि पलीकडची अर्ध्या घराची मालकीण!

ज्यांचा संसार नीट चालला आहे त्यांच्यासाठी (नाशिकच्या ताई, तुम्हीसुद्धा): घर घेताना पहिल्या दिवशी करारात दोघांची नावं घाला. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याबरोबर संयुक्त नावावर ती मिळत नाही, हे बिल्डरकडचे लोक सांगतीलच असं नाही. 'नॉमिनी तूच आहेस' यावर निश्चिंत राहू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नवरा स्वतःच्या आयुष्याचा विमा काढत असेल तर तो १८७४च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली काढायला सांगा. तो पैसा बायकामुलांचा राहतो, नवऱ्याच्या कर्जदात्यांना त्यावर हात घालता येत नाही. एजंटाकडे त्याचा वेगळा फॉर्म असतो आणि तो पॉलिसी काढतानाच भरावा लागतो.

प्रश्न: एम.टेक. करून पुण्यात टीम लीड होते. नवऱ्याच्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) मागोमाग एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) अमेरिकेत आले. काम करता येत नाही. पुण्यात आम्ही सगळं निम्मं-निम्मं करायचो, इथे आपोआप सगळं माझ्याकडे आलं. (न्यू जर्सी)

आपोआप आलं नाही, व्हिसाने ते लिहून दिलं. २०१५पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळतो, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा (कायम वास्तव्याच्या परवान्याचा) अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेला असेल तरच. म्हणजे पहिली काही वर्षं घरीच. आणि नेमक्या याच वर्षांत घराची घडी बसते. परवाना हातात येतो तोवर डिशवॉशर कसा लावायचा हे तो विसरलेला असतो.

म्हणून आत्ताच बोला: ही वाटणी परवाना येईपर्यंतची आहे, कायमची नाही. संध्याकाळची भांडी आणि शनिवारचं धुणं त्याच्याकडे राहू द्या, तुम्हाला दिवसभर वेळ असला तरी. बँकेत तुमचं स्वतःचं खातं हवं. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत जरूर शिकवा, फक्त तेही बिनपगारीच आहे आणि तिथेही तुमच्यासारख्याच एम.टेक. झालेल्या भेटतील!

प्रश्न: स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला आणि बाळाला सांभाळायला मिळून तीन बायका आहेत. माझा जवळजवळ निम्मा पगार त्यात जातो. सासरी म्हणतात, 'मग नोकरी परवडते कशी?' (डोंबिवली)

वजाबाकी तुमच्याच पगारातून का? बाळ दोघांचं, जेवतात सगळे, खरकटं सगळ्यांचं. घराच्या एकूण मिळकतीतून तो खर्च वजा करा आणि पुन्हा हिशेब मांडा. नवऱ्याचा लोकलचा पास आणि पेट्रोल धरून 'याला नोकरी परवडते का' असं कुणी विचारत नाही. शिवाय आजचा पगार म्हणजे सगळी नोकरी नव्हे. भविष्य निर्वाह निधी, बढती, सलग अनुभव हे पाच वर्षांनी बोलतं. बाळ मोठं झालं की बाईंचा खर्च संपेल, सोडलेली नोकरी मात्र परत मिळेलच असं नाही.

आता त्या तीन बायकांबद्दल. तुम्ही लिहिता, 'बाईंनी खाडा केला की माझा दिवस कोसळतो.' तुमचाच का, घरात अजून माणसं आहेत ना? पुरुषाने न उचललेलं काम शिकलेल्या बाईकडून कमी शिकलेल्या बाईकडे सरकतं, आणि ती स्वतःच्या घरचं पहाटे उरकून, बहुतेक वेळा मोठ्या मुलीवर टाकून तुमच्याकडे येते. हे पटवून घेऊन मगच बाई ठेवावी. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, हे आजही ज्या त्या घराच्या मर्जीवर आहे. तुमच्या घरची मर्जी तुम्हाला ठरवता येते. नोंदणीसाठी त्यांना दाखला लागला तर तो द्यायला काचकूच करू नका.

आणि पगार नवऱ्याच्या हातून, त्याच्या खात्यातून जाऊ द्या. बाईंनी रजा मागायची तर त्याच्याकडे मागू दे. चार महिन्यांत त्याला कळेल की बाई ठेवणं हेही एक काम आहे.

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, केंद्र सरकारी नोकरीत. भांडी घासतो, केर काढतो. आई म्हणते, 'आमच्यासमोर तरी नको.' मित्र तर काय, 'बायकोच्या ताटाखालचं मांजर' म्हणून मोकळे. बायकोला सातवा महिना आहे. मला बालसंगोपन रजा मिळेल का? (नागपूर)

मित्रांचं सोडा. आईसमोर जरूर करा, आणि तिच्याही ताटवाट्या घासा. तिला राग येतो तो तुमच्या हातात घासणी दिसली म्हणून कमी, तिच्यासाठी कधीच कुणी ती हातात घेतली नाही म्हणून जास्त, असा माझा अंदाज आहे. आणि आईचे टोमणे बायकोला ऐकावे लागू नयेत, ही जबाबदारी तुमची. 'मीच करतो म्हणालो' हे तुमच्या तोंडून गेलं पाहिजे.

बालसंगोपन रजा तुम्हाला नाही मिळणार. केंद्रात ती ७३० दिवसांची आहे, पण स्त्री कर्मचाऱ्यांना आणि एकट्या पुरुषांना, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. बायको असताना बाप मूल सांभाळायला घरी राहील, ही कल्पना नियम करणाऱ्यांना अजून शिवलेली नाही.

तुम्हाला मिळते ती १५ दिवसांची पितृत्व रजा. बहुतेक जण ती बाळंतपणाच्या दिवशी सुरू करतात, जेव्हा घरात आई, सासूबाई, आत्या, सगळ्या जमलेल्या असतात आणि बापाला चहा प्यायचं तेवढं काम असतं. ती बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. सासूबाई परत गेल्या की दुसऱ्या दिवसापासून घ्या, आणि रात्रीची दुपटी तुमच्याकडे.